भांड्यांवर नाव घालून मिळेल

घोले रोडच्या त्या गॅलरीत
दाराशीच चपला काढू लागलो,
तर पोरगी म्हणाली, राहू द्या काका.

भिंतभर कागद. साठ-सत्तर तरी.
जुन्या बाजारातून बुधवारी, रविवारी
किलोवर उचललेली घंगाळं, पातेली, परात,
त्यांच्यावर कागद ठेवून तिने शिसपेन्सिल घासली आहे.
पितळ काळं उमटलं,
ठोकलेलं तेवढं पांढरं राहिलं.
म्हणजे मी ठोकलेलं तेवढं.

दुसरं भोक अर्धं सोडलेला ळ.
ठिपके वाचायचे त्यात.
रविवार पेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर
छत्तीस वर्षं:
अक्षराला पाच पैसे, काना-मात्रा फुकट.
लोक चिठ्ठी आणायचे.
चि. यमूस आत्याकडून.
कै. धोंडूबाई रणपिसे यांचे स्मर्णार्थ.
शुद्धलेखन त्यांचं, हात माझा.

बाजूच्या पाटीवर लिहिलंय, कारागीर अज्ञात.
वाचलं. पुढे सरकलो.

चौथ्या रांगेत एक कळशी.
नावाच्या जागी नुसत्या पांढऱ्या रेघा, आडव्या-उभ्या,
गवत जळून गेल्यासारख्या.
कॉलेजच्या मुलांना ती सांगत होती,
हा व्रण मला सगळ्यात जवळचा,
इथे काय होतं ते आता कुणालाच माहीत नाही.

बाप आला होता. टोपी हातात.
म्हणाला, पोरीचं नाव काढायचंय.
म्हटलं, वा! काय केलं पोरीने?
तसं नव्हे हो, म्हणाला. खरवडून.
रुखवतात मांडायची कळशी, मांडवच पडला नाही.
नाव घालायला अर्धा तास लागला होता,
काढायला दुपार गेली.
तो समोरच उभा, दुसरीकडे बघत.
पैसे मी घेतले. घ्यायला नको होते.

कागदाच्या जवळ गेलो, चष्मा वर करून.
रेघांच्या वर, सुटं, एक टिंब.
शेवंता. वं वरचं.
ते मी मुद्दाम सोडलं
की हात चुकला,
खरंच आठवत नाही.

सांगावं का? पोरगी हसतमुख होती.
मुलं फोटो काढत होती, त्या रेघांचेच.
शेवंता कुठेतरी सत्तरीला आली असेल,
तिचं ती बघेल.

निघताना तिने वही पुढे केली. नाव लिहा, काका.
पेनने मला जमत नाही, रेघ पळते.
टोक उभं धरलं
आणि ठिपके देत गेलो सवयीने,
पिं, ग,
ळ ला आलो,
तशी ती वहीवर वाकली.