कोरी बशी

सकाळचे सहा. फायाल बेट मागे पडून चार दिवस झाले.
लोरेन्यू इंजिन तीन नॉटवर आणतो
आणि पाण्याकडे न बघताच म्हणतो, "टाका."
झुल्मिरा आणि मी जाळं सोडतो उजव्या अंगाने,
बोटीच्या फेसापासून लांब.
पंख्याने घुसळलेलं पाणी साक्षीला चालत नाही.

जाळ्याला दोन ॲल्युमिनियमचे पंख, तोंड सव्वा हात रुंद,
मागे तीन मीटरची शेपटी, विणीची भोकं
मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी.
त्याहून बारीक असेल ते निसटतं.
अहवालाच्या पहिल्याच पानावर कबूल करावं लागतं:
निसटलं ते आम्ही मोजलेलं नाही.

अर्धा तास.
तोंडाशी बांधलेली भिंगरी फेरे मोजत राहते,
किती पाणी आत गेलं त्याचे.
मी कॉफी पिते. झुल्मिरा वाऱ्याचा आकडा घेते.
वारा वाढला की कण खाली जातात,
दोन पुरुष, तीन पुरुष खोल,
आणि जाळं वर येतं स्वच्छ, अगदी शहाण्यासारखं.
अशा दिवशी समुद्राचं ऐकायचं नाही.
वाऱ्याचं गणित मांडायचं
आणि दडलेलं कागदावर तरी वर काढायचं.

लोरेन्यूचा बाप टेकडीवरच्या दगडी खोपटात बसायचा,
दुर्बिणीला डोळा लावून, देवमाशाचा फवारा शोधत.
दिसला की बाण सोडायचा आकाशात,
गावातले पुरुष भरल्या ताटावरून उठून होड्यांकडे धावायचे.
नाही दिसला तर वहीत लिहायचा: आज काही नाही.
त्या वह्या लोरेन्यूने बोटीतच ठेवल्यात, नकाशांच्या खाली.
एके ठिकाणी सलग अकरा दिवस:
आज काही नाही. आज काही नाही.
"त्या अकरा दिवसांत आम्ही नुसती रताळी खाल्ली," तो सांगतो,
"अजून वास सहन होत नाही."

जाळं आलं.
बाहेरून पाणी मारत सगळं शेपटीत उतरवायचं,
मग चाळणीवर.
मग निवडायचं, पालेभाजी निवडावी तसं:
काचेसारखे साल्प, निळ्या शिडाचे एवढेसे जीव,
आणि पाण्यावर चालणारा एक किडा, तांदळाएवढा,
ज्याने किनारा कधी पाहिलेला नाही.
याला अंडी घालायला पीस लागायचं एखादं,
वाहत आलेलं लाकूड.
इथे नखाएवढ्या पांढऱ्या तुकड्यावर
नारिंगी अंडी, ओळीने, निगुतीने लावलेली.
हा तुकडा कुठल्या रकान्यात लिहू?
"दोन्ही," झुल्मिरा म्हणते, आणि पुढचा चिमटा उचलते.

रात्री सूक्ष्मदर्शकाखाली.
शंका आली तर सुई तापवून टेकवायची.
जिवाचा अंश असेल तर जळतो.
प्लास्टिक अंग चोरतं.

दोनशे चौदा.

शेजारी ती कोरी बशी.
मोजणी चालू असेतो उघडी ठेवलेली,
तिच्यात समुद्राचा थेंब नाही, फक्त खोलीतली हवा.
समुद्रावर लक्ष आमचं, आमच्यावर तिचं.
आज तिच्यात तीन धागे.
दोन निळे, माझ्या स्वेटरचे,
बाही वर सारली होती तेव्हाचे असतील.
तिसरा लाल.
लाल इथे फक्त लोरेन्यूची टोपी आहे.
तो तर आत आलाही नव्हता,
दारात उभं राहून एवढंच विचारलं होतं त्याने,
"किती?"

वजा तीन.
पेन्सिलीने आम्ही स्वतःला आकड्यातून काढतो.
दोनशे अकरा.
स्वेटर मात्र अंगावरच असतो, थंडी आहे.

तो परत येतो, टोपी खिशात कोंबून,
उंबऱ्याच्या पलीकडेच थांबतो या वेळी.
"तू कधी लिहिलंयस का," विचारतो,
"आज काही नाही?"

एकदा.
त्या दिवशी जाळं फाटलेलं होतं.