झोका कसा थांबवायचा

वालपाराइसोच्या बंदरात, धक्क्यापासून बेचाळीस मीटर वर,
काचेच्या तळाच्या एका खोलीत मी बसते.
पायांखाली जहाज, जहाजावर पेट्या.
पेट्यांत काय आहे ते मला कुणी सांगत नाही.
तांबं असेल, सफरचंदं असतील,
कुणाचा तरी गुंडाळलेला संसार.

समोर टेकड्या.
तिसऱ्या टेकडीवर, पाण्याच्या निळ्या टाकीच्या डावीकडे
माझं घर.
धुकं नसलं की गच्ची दिसते, दोरीवरचे कपडे दिसतात,
माझाच दुसरा गणवेश दिसतो,
हात खाली सोडून लटकलेला.
चारला मायतेन शाळेतून येते,
गच्चीवर उभी राहून तांबडा टॉवेल हलवते.
मी दिवा दोनदा लावते, विझवते.
नियमात बसत नाही.
खाली खुणा करणारा बर्नाबे वर बघतो
आणि बघितलंच नाही असं करतो.

"तिथून मी केवढी दिसते?" तिनं एकदा विचारलं.
"तांदळाच्या दाण्याएवढी."
"आणि घरी असतेस तेव्हा?"
मी बूट काढत होते.
नाडीची गाठ सुटत नव्हती, तेवढंच बरं.

आमच्याकडे संध्याकाळच्या चहाला ओन्से म्हणतात.
ओन्से म्हणजे अकरा.
का, ते विचाराल तर दहा जण दहा गोष्टी सांगतील.
सहाला, सातला, कधी आठलाही
आम्ही पावाला लोणी लावत अकरा वाजवतो.
अख्खं गाव घड्याळाला असं हसण्यावारी नेतं,
आणि माझं कार्ड तीन मिनिटं उशिरा टेकलं
की फाटकावरचं यंत्र लाल होतं.

मार्चमध्ये साहेबांनी कागद दिला. पाळीप्रमुख.
या धक्क्यावर त्या खुर्चीत बाई अजून बसलेली नाही.
पगार दीडपट. महिन्याला दहा रात्री. फोन कायम चालू.
सासूबाई म्हणाल्या, घे.
मासळी साफ करून तिघांना वाढवलं मी,
मला कुणी कागद दिला नाही.
नवरा म्हणाला, तुला हवं ते कर.
हे वाक्य एकदा काट्यावर चढवून बघायला हवं,
किती टन भरतं.
कागद फ्रिजवर. लिंबाच्या चुंबकाखाली.
बावीस दिवस.

सगळे म्हणतात, तोल साध.
जणू दोन पारडी आहेत, आणि मी मधली दांडी.
पेटी वाऱ्यावर झोके घ्यायला लागली
की नवशिका तिला मागे ओढतो. झोका वाढतो.
पहिल्या वर्षी मीही ओढायचे, दात आवळून.
म्हातारा ओलेगारियो मागे उभा राहून म्हणायचा,
पोरी, भांडू नकोस.
ती जिकडे निघालीय तिकडेच जा,
तिच्या बरोब्बर डोक्यावर ये,
आणि मग थांब.

तेविसाव्या दिवशी कागदाच्या पाठीवर लिहिलं:
पहिली पाळी, वर्षभर. खुर्ची नको.
साहेब म्हणाले, खुर्ची वाट बघत नाही.
म्हटलं, माहीत आहे.
माहीत होतं, तरी जिना उतरताना
पायऱ्या मोजायचं भान राहिलं नाही.

आता बर्नाबे पाळीप्रमुख आहे.
पांढरं हेल्मेट त्याला शोभतं.
हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.
त्याचा चुकीचा आदेश खालून कानात येतो
तेव्हा जास्तच वाटतो.
आणि हप्ता भरायच्या आठवड्यात
घरात सगळे जरा हळू बोलतो.

काल चारला गच्चीवर आम्ही दोघी होतो.
मायतेन गोगलगायीची लांबलचक गोष्ट सांगत होती.
मी वाऱ्याचा वेग मोजत होते.
तिला कळलं, ती थांबली.
मग दोघी क्रेनकडे बघत बसलो.
"आत कोण आहे, दिसतच नाही," ती म्हणाली.
"दाण्याएवढंही नाही."
टॉवेल दोरीवर तसाच होता.
आत चल, अकरा वाजले, मी म्हटलं,
आणि उठले नाही;
तो दिवा दोनदा लागेल म्हणून बघत राहिले.