तहकूब सभेचे इतिवृत्त

खारवाडे ग्रामपंचायत, मासिक सभा.
अकराची सभा साडेअकराला तहकूब.
नऊपैकी तीन हजर; बाकीचे कलमांच्या फवारणीला,
एक रापणीवर,
सुहासिनी खडपेंचा निरोप, गॅस संपलाय.
अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर तीच तीन माणसं
तहकूब सभा म्हणून पुन्हा बसली.
तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.

मागचं इतिवृत्त वाचलं. कायम केलं.
जेटीवरचा दिवा: नवा बसवावा.
सूचक इब्राहिम होडेकर; अनुमोदकही तेच व्हायला निघाले होते,
सरपंचांनी नजरेनं थांबवलं.
नळयोजनेची मोटर तिसऱ्यांदा जळाली. बिल मंजूर.
बिल वाचताना कुणी वर बघितलं नाही.
मोटर भरणारा सरपंचांचा भाचा,
आणि तो मोटर चांगली भरतो, हेही खरं.
स्मशानशेडचे पत्रे: पुढच्या सभेत.
पत्रे गेल्या सहा सभा पुढच्या सभेत आहेत.
शिपाई सोन्या घाडी म्हणतो,
मरणारेही आता अंदाज घेऊन मरतात.

विषय क्रमांक पाच.
घर नंबर दोनशे चौदा, नमुना आठमधून कमी करणे.

मी माणदेशातली. नोकरीची पहिली सहा वर्षं
टँकरच्या फेऱ्या लिहिण्यात गेली.
पाण्यानं घर नेलं, हे वाक्य
माझ्या अक्षरात नीट बसत नाही.
तरी मोजायला गेले होते, टेप घेऊन.
एक टोक सोन्याकडे, दुसरं माझ्याकडे,
मधे लाट.
शेवटी सुरूच्या बुंध्यापासून मोजलं.
जुन्या नोंदीत चतुःसीमा अशी:
पूर्वेस गडगा, दक्षिणेस मयेकरांचे चार माड,
उत्तरेस पायवाट, पश्चिमेस समुद्र.
आता चारही रकान्यांत एकच शब्द.
क्षेत्रफळाच्या पुढे काय लिहायचं
हे प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

द्रौपदी तांडेल, वय कागदावर एकाहत्तर,
दाराशी उभी, चपला हातात.
"नंबर काढू नकात," म्हणाली.
"घर थंयच आसा. वर पाणी इला, तितक्याच."
मग कनवटीची पुरचुंडी सोडून
घरपट्टीचे दोनशे सहा रुपये टेबलावर मांडले,
सुट्टे सहासुद्धा.
दिवाबत्तीचे वीस वेगळे.

होडेकर म्हणाले, नियम काय?
मी पानं उलटली. पडक्या घराचा नियम आहे,
जळालेल्याचा आहे,
अर्धवट बांधून सोडलेल्याचाही आहे.
सरपंच शर्मिष्ठा भाटकर खिडकीबाहेर बघत होत्या.
त्यांचं घर दोनशे एकोणीस.
मधे चार नंबर.

ठराव असा:
सदर मिळकतीची प्रत्यक्ष पाहणी
ओहोटीच्या वेळी पुन्हा करावी,
तोवर नोंद कायम ठेवावी.
दिवाबत्ती कर माफ.
सूचक सरपंच, अनुमोदक होडेकर.
लवू मेस्त्रींना जागं करून
सर्वानुमते मंजूर.

"कुठल्या ओहोटीला?" मी विचारलं.
"तारीख घालू नका," त्या म्हणाल्या.

पावती फाडली. कार्बन जुना;
दुसऱ्या प्रतीवर नुसता दाब उमटला, शाई नाही.
बाईनं पावतीची घडी घातली,
दिवाबत्तीचे वीस परत मोजून घेतले,
आणि जाता जाता, जेटीचो दिवो कधी पेटतलो?
रात्रीचा थंयसून घर दिसता.

कुणी उत्तर दिलं नाही.
तो विषय आधीच मंजूर होता.

आयत्या वेळचे विषय: नाहीत.
आभार मानून सभा संपली, असं मी लिहिलं.
आभार कुणी मानले, आठवत नाही.
सोन्या ग्लास विसळत होता
आणि मोटर जळालेली असल्यामुळे
कळशीतून पाणी जरा जपूनच ओतत होता.