अर्थिंग

मानवतपासून आठ किलोमीटर, काळदात्यांची वस्ती.
पौषातली सकाळ. तोंडातून वाफ निघत होती.
गिझरचं खोकं पुढं सरकवून दादाराव म्हणाले,
"पोरगी बाळंतपणाला आलीय, आजच्या आज बसवा.
अन् वायरमन कुठंय?"
"मीच."
संघमित्रा खिल्लारे, आयटीआय परभणी, दोन वर्षं.
पाणी मला कुठल्या पेल्यात दिलं, ते मी बघत नाही आता.
फेज कुठून येतो ते बघते.

न्हाणीत बादली, बादलीत रॉड.
रॉडवर बोअरच्या पाण्याची पांढरी साय,
वायरीला दोन जागी चिकटपट्टी,
तिसरी पिन मोडलेली.
"सॉकेटात बसंना, म्हनून मोडली."
तेवढ्यात रेणुका आली, कानाला स्कार्फ, वाकली,
पाणी कितपत तापलं बघायला
चालू बादलीत बोट घालणार,
मी ओरडले नाही.
ओरडायला वेळ लागतो. बटण गाठलं.

माझी आईपण असंच बोट घालायची.
अजून आहे ती, नशिबानं.
पण नशीब काही वायरिंगमध्ये धरता येत नाही.

"न्हाणीमागं खड्डा घ्यावा लागेल. पाइप, कोळसा, मीठ."
"गिझरला खड्डा? काहून?"
"वीज वाट चुकली तर तिनं जमिनीत जावं,
तुमच्या लेकीतून जाऊ नये, म्हणून."
"शेजारच्यानं तसाच लावलाय. मेलं का कुणी?"
मी पक्कड, टेस्टर, पाने पिशवीत भरले.
गिझर थर्माकोलसकट परत खोक्यात.
मजुरी मागितली नाही. पेट्रोल माझंच गेलं.

दुसऱ्या दिवशी सहाला फोन. एकच शब्द: "या."
छातीभर सांगितला होता मी.
दादाराव खड्ड्यात उभे होते
तर वरून नुसती टोपी दिसत होती.
तळहाताला फोड.
त्यावर ते बोलले नाहीत, मीही नाही.

कोळसा, मीठ, कोळसा, मीठ, मधोमध पाइप.
फेज आणि अर्थ यांच्यात शंभरचा दिवा धरला.
तांबूस. तापातल्या माणसाच्या डोळ्यासारखा.
"पाणी ओता."
एक घागर. दुसरी.
तिसरीला दिवा पांढराशुभ्र झाला.
आमच्या धंद्यात अर्थ असाच लागतो,
हिरव्या वायरीतून खाली उतरून, ओल सापडल्यावर.

मग चार एमएमची वायर, सोळाचं सॉकेट, ईएलसीबी.
रेणुकाला म्हटलं, हे बारकं बटण महिन्यातून एकदा दाब,
खटका पडलाच पाहिजे.
नाही पडला तर मला फोन, अन् तोवर चुलीवरचं पाणी.
गरम नळाला धार आल्याशिवाय चालू करायचा नाही,
कोरडी टाकी जळते.
अंगावर पाणी घ्यायच्या आधी बंद.
अन् हा व्हॉल्व्ह थेंब थेंब गळेल,
त्याच्या तोंडात कुणी खिळा ठोकू नका,
गळतो म्हणून टाकी फुटत नाही.

पुढच्या वर्षीच्या चैत्रात सर्व्हिसिंगला गेले.
रेणुका सासरी. बाळ दादारावांच्या मोबाइलमध्ये.
मेन बंद केला, टाकी रिकामी केली, कॉइल ओढली.
चुनखडीत कॉइल कुठली तेच कळेना.
दोन ओंजळी खडे निघाले,
दादाराव ते हातावर घेऊन बघत बसले:
"हेच पितो की आपण."
आतली मॅग्नेशियमची कांडी पेन्सिलीएवढी उरली होती.
टाकी गंजू नये म्हणून ती आधी स्वतःला खाऊ देते.
नवी बसवली. जुनी त्यांनी मागून घेतली,
कशाला, ते विचारलं नाही.

टँकर तेव्हा दोन दिवसाआड येत होता.
ड्रमांना कुलपं.
न्हाणीमागं गेले, म्हटलं खड्डा वाळून खडंग झाला असंल.
माती ओली होती.
कडेला पालथा तांब्या.
मिठाची जागा ती,
तिथं गवताची काडीसुद्धा यायची नाही,
शेतकरी माणसाला हे मी काय सांगणार.

दिवा धरून बघितला.
पांढरा.