शीव

टोल्युइनचा थेंब तळच्या सुईतून सुटतो
आणि काचेच्या नळीत मीटरभर चढतो.
पोटात थोडं आम्ल.
वाटेत ते पाण्याला देऊन टाकायचं, एवढंच त्याचं काम.

साडेआठ सेकंद, रोज.
स्वच्छ थेंब अंगानं सैल असतो,
कातडीवर भोवरे, आतलं बाहेर येत राहतं,
स्वतःलाच ढवळत ढवळत जातो वर.

मंगळवारी साडेदहा.
पुन्हा साडेदहा.
नळीतलं पाणी ब्युरेटखाली धरलं
तर गुलाबी रंग दोन मिलीलिटर आधीच हजर.
म्हणजे थेंबानं दिलंच नाही.

सुई बदलली. तापमान पाहिलं.
घड्याळावरही संशय घेऊन झाला.
मग बेसिनपाशी तांडेलमामा दिसले,
कोपरापर्यंत फेस.
"लिंबाचा आणलाय गो पोरी. तुझ्या नळीला
सोड्याची पूड कशाला? माझ्या पैशानं आणलाय."

मामा माहुलचे. बस शीवला सोडतात,
तिथून माटुंग्यापर्यंत पायी.
शीव म्हणजे हद्द. ती ओलांडूनच यायचं.
बापाची होडी खाडीत होती तेव्हाचं त्यांनी सांगितलेलं:
पाण्यावर तेल पसरलं की लाटेची मस्ती उतरते,
दर्या शहाणा होतो,
आणि तसा शहाणा दर्या बघून बाप शिव्या द्यायचा.

तीनदा विसळलं तरी साबण उरतो,
एका रेणूच्या जाडीचा.
डोकं पाण्यात, शेपूट तेलात,
दोन्ही घरचा पाहुणा, उंबऱ्यावर बसलेला.
तो फारसं अडवत नाही कुणाला.
फक्त कातडी ताठ होते,
भोवरे बसतात,
थेंब गोटीसारखा मुकाट चढतो
ओझ्यासकट.

(घुसळलेल्या भांड्यात उलटं.
तिथं साबणानं एकाचे हजार थेंब होतात,
अंग वाढतं, देणं वाढतं. सर तेच शिकवतात.
माझ्या नळीत एका वेळी एकच थेंब.)

सांगायला हवं होतं.
"छान वास येतोय, मामा," म्हणाले.
ते खूश झाले. मीही हसले.
सात वाजता, ते गेल्यावर,
नळी क्रोमिक आम्लात बुडवून ठेवली.

बुधवारी साडेआठ.
मंगळवारचे आकडे खोडले नाहीत,
समासात बारीक लिहिलं: लिंबू.

सोमवारी बेसिनवर बाटली नव्हती.
वही मात्र माझ्या टेबलावर,
नेहमीपेक्षा सरळ ठेवलेली.
"साबण संपला का, मामा?"
"संपला," म्हणाले, आणि हसले.

शुक्रवारी ती अर्ध्याहून जास्त भरलेली होती.