सहा मिनिटं

रायबंदरहून चोडणला फेरीबोट
सहा मिनिटांत पोचते.
भरतीची ओढ असली तर सात.
तेवढाच वेळ आमचा.
वॉर्डात मेट्रन, कँटीनमध्ये कॅमेरा,
आणि घरी गेलं की झोप पडते अंगावर.

नाइट संपवून आम्ही नऊ जणी
स्कूटरांच्या मागे, तेलकट कठड्याला टेकून.
कितेरियाच्या पिशवीत पोदेराकडचे उंडे, अजून गरम.
शीबाचे ओठ हलतायत,
सलाइनचे थेंब मोजायचं थांबलेलं नाही तिचं.

मीही मोजते.
खात्यावर जमा अठरा हजार.
त्यातले सात, पाच तारखेला,
पाकिटात घालून, वर नाव न लिहिता,
अकाउंटच्या खिडकीतून परत.
पाकीटसुद्धा आपणच आणायचं.
पोस्टाजवळचा दुकानदार विचारतो,
सिस्टर, दर महिन्याला लग्न कुणाचं?

बारा मेला एकेक गुलाब मिळाला होता.
मी तो अकरा नंबरच्या आजोबांना दिला.
त्यांनी विचारलं, जेवणाआधी की जेवणानंतर?

उर्वीने कागद काढला, चार घड्यांचा.
पूर्ण पगार. पाकीट बंद.
रात्री तीस खाटांना एकटी नको, दोघी.
वाचून झालं, कुणी बोललं नाही.
इंजिन धडधडत होतं.
पहिली सही जिची,
आधी बोलावणं तिलाच येणार.
आणि नमिताचं बाँडचं वर्ष शिल्लक,
तिची सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात, चावी साहेबांकडे.

मग कितेरियाने खिशातून
चिकटपट्टीचा रोल काढला,
कागदावर ठेवला, भोवतीनं पेन फिरवलं.
म्हणाली, "गोल करा गो.
पयली कोण, तें तांकां सोदूं दी."

मी सही केली.
कागद फिरवला की माझं नाव खाली जातं,
पुन्हा फिरवला की वर येतं.
शीबाने मल्याळममध्ये केली, आईला दाखवायची म्हणे.
उर्वीने पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.
कागदावर उंड्याचा कोंडा सांडला, कुणी झटकला नाही.

नमिताने पेन घेतलं. परत दिलं.
पुन्हा मागून घेतलं.
टोक कागदाला टेकलं
आणि फेरीबोटीचा रॅम्प खाली आदळला,
स्कूटरी सुरू झाल्या, हॉर्न वाजले.

आठ नावं, आणि नवव्या जागी
एक निळा ठिपका.

भरती असती,
तर एक मिनिट आणखी मिळालं असतं.