खरेदीखतात नसलेलं

घर घेतलं तेव्हा वकिलानं सगळं वाचून दाखवलं होतं:
तळघराला ओल, शेजाऱ्याच्या हद्दीत झुकलेला मेपल,
छपराची उरलेली वर्षं.
हे वैर तेवढं कागदात नव्हतं.

नोव्हेंबरचा शनिवार. ईस्टनची टेकडी
सकाळी सातलाच मरून रंगात उठलेली.
आज त्यांची मॅच, दोन म्हाताऱ्या विद्यापीठांची,
आमचं इथलं, त्यांचं नदीच्या वरच्या अंगाचं.
पोरं अंगणाअंगणांत पुठ्ठे रोवत होती: गाडी लावा, वीस डॉलर.
मीही रोवला. मिरजेच्या पेठेत वाढलेली मी,
गिऱ्हाईक दारावरून जाताना बघवत नाही.

पहिलीच गाडी तपकिरी ब्यूक.
आधी टोपी उतरली तपकिरी, मग मफलर तपकिरी,
आणि त्यांच्या आत कुठेतरी
एक्याऐंशी वर्षांचे लेरॉय डीफेनडर्फर.
म्हणजे शत्रूच.
"क्लेटन कुठाय?"

क्लेटन यीगर. ज्याच्या मुलीनं मला घर विकलं,
ज्याच्या नावानं अजून टपाल येतं,
बियाण्यांचे कॅटलॉग, दातांच्या डॉक्टरची आठवण.
मी सांगितलं. मार्चमध्येच.
त्यांनी टोपी काढली,
मेपलकडे बघितलं,
परत घातली.
"मग पैज आता तुझ्याशी."
(इंग्रजीत तू की तुम्ही ते कळत नाही.
मी तू धरलं.)

बावन्न वर्षांची पैज. ते हरले तर
या अंगणातली पानं त्यांनी लोटायची.
क्लेटन हरला तर क्लेटननं जेवू घालायचं.
"मटण करायचा. वाईट करायचा."
फोन नाही, पत्र नाही, नाताळचं कार्ड नाही.
वर्षातून एक शनिवार
आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस
नदीच्या दोन टोकांना एकमेकांचं वाईट चिंतणं.
वीस डॉलर देताना म्हणाले, क्लेटन पाच घ्यायचा.
दिले मात्र वीसच.

मला या खेळातलं काही कळत नाही.
मला हुतूतू कळतो: रेषा, दम, आणि जिवंत परत येणं.
इथे म्हणे परत यायचंच नसतं,
चार डावांत दहा यार्ड, नुसतं पुढे.
ओसरीतून फक्त ओरडा ऐकू येतो,
आणि ओरड्याला रंग नसतो.
एकदा आभाळ फाटावं तसं झालं.
कुणाचं फाटलं कळेना.
दोन वाजता मी मटण चढवलं.
जिंकायची तयारी कशी करतात ठाऊक नाही,
हरायची करता येते.

ते आले तेव्हा घसा गेलेला.
"चौदा-तेरा," एवढंच.
मग थेट गॅरेजमध्ये. डाव्या भिंतीला, पाइपामागे
एक खिळा आहे हे मला आठ महिन्यांत कळलं नव्हतं.
त्यावर दाताळं.

मी म्हटलं, राहू द्या.
म्हटलं, निदान मी धरते दुसरीकडून.
त्यांनी असं बघितलं जसं मी
कुणाच्या मयताला मजूर लावा म्हणाले.
मग मी गप्प. पाच वाजता अंधारलं,
तशी मोबाइलची बॅटरी लावून उभी राहिले,
ते सरकतील तसा उजेड सरकवत.
पानं ओली होती, चिकटून बसत होती.
कुंपणापाशी ते थांबले, दम घेतला.
"तो इथे उभा राहून हसायचा," म्हणाले.
मला हसू आणता आलं नाही.
त्यांनी वाट बघितली थोडी.

जेवायला थांबले नाहीत.
हरलेल्याला मटण नियमात बसत नाही.
मी डबा बाजूच्या सीटवर ठेवला,
त्यांनी तो न दिसल्यासारखं केलं
आणि सीटबेल्ट लावला. डब्याला.

सकाळी बघते तर मेपलनं
रात्रीतून निम्मं अंगण परत भरलेलं.
दाताळं खिळ्यावर होतं.
मी हात लावला नाही.
जिंकले होते ना मी.